उरलेल्या अकरा पकडी

संजीवनीचं नाव निघालं की माझ्या पोटात दुखतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. म्हणजे तिच्याबद्दल मी पुढं जे सांगेन त्यात खरं किती आणि जळफळाट किती, हे तुमचं तुम्हाला ठरवता येईल.

मी श्रीपाद. बारामतीत इंदापूर रोडला माझं हत्यारांचं दुकान आहे. हत्यारं म्हणजे कोयते-कुऱ्हाडी नव्हेत. टीव्ही, इन्व्हर्टर, मोटारीचे स्टार्टर, दूध डेअरीचे काटे असली कामं करणाऱ्यांना लागतात ती. पकडी, कटर, स्क्रू ड्रायव्हर, चिमटे, सोल्डरिंग गन, मीटर. बावीस वर्षं मी हा माल विकतोय. पण शेळगावपासून सोमेश्वरनगरपर्यंत कुणाला साधा चिमटा घ्यायचा झाला, तरी तो मला विचारत नाही. संजीवनीला विचारतो.

तिचं माहेर शेळगाव, सासर सणसर. नवरा सावळाराम ऊस आणि चार म्हशी बघतो. घराच्या पडवीत टेबल टाकून ही मोटारीचे मोबाइल स्टार्टर दुरुस्त करते. घरी बसून फोन लावला की विहिरीवरची मोटार चालू होते ना, ते यंत्र. त्यातलं सर्किटचं कार्ड गेलं की माणसं दुचाकीच्या डिकीत घालून तिच्याकडं धाव घेतात. कंपनीवाला नवीन घ्या म्हणतो तिथं ही एखादा बारीकसा भाग बदलून कार्ड चालू करून देते. ते मी मुकाट्यानं मान्य करतो. माझं दुखणं तिच्या दुरुस्तीचं नाहीच. ते आहे तिच्या निवडीचं.

तिची निवडायची रीत एकदा बघाच. गिऱ्हाईक तिला सोबत घेऊन येतं. ती माझ्याकडून एका जातीच्या बाराच्या बारा पकडी काढून घेते आणि काचेवर ओळीनं मांडते. एकेक पक्कड बंद करून दाराकडं धरते. जबड्यातून उजेड दिसला की बाद. स्क्रू ड्रायव्हर काचेवरून घरंगळत सोडते, डुगडुगला की बाद. कटर बघायला पदराच्या टोकाचा एक सुटा धागा पुढं करते. धागा तुटला पाहिजे, चावला गेला तर बाद. सोल्डरिंग गन लावून हातात धरून बसते आणि तोवर माझ्याच दुकानात माझ्याच पैशाचा चहा पिते. चहा संपेपर्यंत मूठ गरम झाली की बाद.

मीटरचं तर तिचं व्रतच आहे. आधी चालू वायरीवर लावून आकडा बघायचा, मग बंद वायरीवर, मग परत चालू वायरीवर. मी एकदा वैतागून म्हणालो, "एकदा आकडा आला की झालं की! पुन्हा कशाला?"

"मधल्यामधी मीटरच मेलं तर?" ती म्हणाली. "मीटर शून्य दाखिवतंय म्हणून वायरीला हात लावायचा, आन् वायर आसायची जिती."

एवढं सगळं झाल्यावर ती एक पक्कड उचलते, म्हणते, "ही घ्या." आणि अकरा बाजूला सारते. झालं. त्या अकरा पकडी त्या क्षणापासून माझ्या गळ्यात पडल्या म्हणून समजा. पुढचं गिऱ्हाईक आल्या आल्या विचारतं, "ह्या संजीवनीताईंनी बाजूला ठेवलेल्या तर न्हाईत ना?" कंपनी तीच, खोकं तेच, भाव तोच. पण ह्या बाईनं नुसतं बोटानं सारलं की माझ्या मालाला सुतक लागतं. अशा उरलेल्या पकडींचं एक खोकं माझ्या काउंटरखाली आहे. रोज पायाला लागतं.

आता तर तिला यावंही लागत नाही. शेळगावला दूध संकलन केंद्र चालवणारे आप्पासाहेब मागच्या उन्हाळ्यात मीटर घ्यायला आले. मी तीन मीटर काढले, प्रत्येकाचे गुण सांगितले, घसा कोरडा केला. आप्पासाहेबांनी सगळं ऐकून घेतलं, खिशातून फोन काढला आणि व्हिडिओ कॉल लावला.

"ताई, ह्यो बघा. ह्यो का त्यो?"

फोनमधून तिचा आवाज, "म्होरं धरा जरा. डायल फिरवा. आवाज ऐकू द्या. न्हाय, न्हाय, मधला घ्या."

मी काउंटरच्या मागं मेणाच्या बाहुल्यासारखा उभा. माझ्या दुकानात, माझ्यासमोर, माझा माल वीस किलोमीटरवरून ती बाद करत होती. अंगाचा तिळपापड झाला. आप्पासाहेब वर मलाच म्हणाले, "बाईला नजर हाय बरं का, श्रीपादराव." मी म्हटलं, "हो तर." आणि पिशवी दिली.

घरी तरी सुटका असावी? माझी बायको इंदिरा हिनं मिक्सर घेताना मला विचारलं नाही. "संजीवनीताईंना विचारलंय," म्हणाली. त्या मिक्सरची चटणी मी आठ दिवस खाल्ली नाही. नंतर खाल्ली. चांगली होते.

हे दुखणं जुनं आहे. सत्तावीस वर्षांपूर्वी आम्ही दोघं बारामतीच्या आयटीआयला एकाच बॅचला होतो. पहिल्याच दिवशी विजयसिंह सरांनी हत्यारांचं पोतं लांबलचक टेबलावर पालथं केलं आणि म्हणाले, "ज्यानं जे उचललं ते कायमचं त्याचं. नंतर बदलून मिळणार नाही." पोरं तुटून पडली. मी मात्र तुटून पडणाऱ्यांतला नव्हतो. माझे वडील पोस्टात होते आणि घरी रेडिओ खोलायचा त्यांना नाद. पक्कड कशी असावी हे मला आठव्या वर्षापासून ठाऊक. मी एक उचलली, बंद करून बघितली, ठेवली. दुसरी उचलली, ठेवली. पहिली पुन्हा उचलली. हीच, असं मनाशी ठरवत होतो, तरी एकदा तिसरी बघून घ्यावी म्हणून ती खाली ठेवली. समोरून बांगड्या भरलेला एक हात आला आणि ती पक्कड गेली.

समोर शेळगावची एक पोरगी उभी होती. दोन वेण्या, पायात प्लास्टिकच्या चपला. कटरच्या वेळी तेच. चिमट्याच्या वेळी तेच. दोन वर्षं माझ्या वाट्याला आलेल्या पकडीचा जबडा तिरका होता. तिच्या कामाला सर "वा" म्हणायचे आणि माझ्या कामाला "ठीक आहे." निकालात ती पहिली आली, मी दुसरा. तेव्हापासून मी मनात धरून बसलोय, की हिला जन्मतःच नजर आहे आणि मला नाही. ज्याला नजर नसते त्यानं दुकान टाकावं, म्हणून मी दुकान टाकलं.

यंदा गणपतीनंतर इंदापूरच्या एका संस्थेच्या दीप्ती मॅडम दुकानात आल्या. मुलींसाठी इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीचा वर्ग काढतायत. अठरा टेबलं, प्रत्येक टेबलाला हत्यारांचा पूर्ण संच. मी खुर्ची पुसून दिली. खरं सांगायचं तर दुकान रडतखडत चाललं होतं. पोरं मोबाइलवर ऑर्डर देतात, माल घरी येतो. शेजारचा मोबाइल कव्हरवाला माझा गाळा कधी रिकामा होतो याची वाट बघत होता. ही ऑर्डर पदरात पडली तर दुकान राहणार होतं. नाहीतर दिवाळीनंतर गाळा सोडायचा, हे इंदिराचं आणि माझं ठरलं होतं.

"निवड तुम्हीच करा," दीप्ती मॅडम म्हणाल्या. मी फुललो. "फक्त आमच्या वर्गाला शिकवायला संजीवनीताई येणार आहेत. त्या माल तपासतील. त्यांनी पास केलं की टेम्पो पाठवते."

फुललेला मी जागच्या जागी मिटलो. म्हणजे दुकान राहणार की जाणार हेसुद्धा तिच्याच बोटावर! पण त्याच रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या एक ईर्ष्या मनात शिरली. असा माल काढीन, असा माल काढीन, की तिला एकही वस्तू बाजूला सारता येणार नाही. एकदा, फक्त एकदा, माझ्या निवडीवर तिनं बोट ठेवून म्हणावं, "ही घ्या."

तीन आठवडे मी दुसरं काही केलं नाही. पुण्याला चार खेपा झाल्या. पाऊणशे पकडी दाराकडं धरून अठरा निवडल्या. इंदिराच्या साडीचे धागे कापून कापून कटर निवडले. तिनं माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं ती सांगत नाही. सोल्डरिंग गन हातात धरून मी इतका चहा प्यायलो की पित्त झालं. मीटर मात्र मी जिवापाड जपून निवडले. पिवळ्या रंगाचे, मोठ्या आकड्यांचे, डायल लोण्यासारखी फिरणारी.

माल दुकानात लागला आणि खंडेनवमी आली. आमच्याकडं त्या दिवशी हत्यारांना कामाला लावत नाहीत, पूजा करतात. दरवर्षी मी एक पक्कड, एक गन, एक मीटर पाटावर ठेवून मोकळा होतो. यंदा मला राहवेना. मी अठराच्या अठरा संच खोक्यातून काढून ओळीनं मांडले. प्रत्येक मीटरच्या डायलच्या बरोबर मधोमध, कपाळ समजून, हळद-कुंकू लावलं. झेंडू वाहिला. आणि कुंकवात घोळवलेल्या अक्षता मूठमूठभर टाकल्या. इंदिरा म्हणाली, "अहो, दोन दाणे पुरतात." मी ऐकलं नाही. मग फोटो काढून स्टेटसला ठेवला. कुणासाठी ठेवला, हे सांगायला नको. पंधरा मिनिटांत संजीवनीनं बघितल्याचं दिसलं. तिचं उत्तर आलं, "पूजा जोरात." मी तो मेसेज तीन वेळा वाचला. जळली असणार, असं वाटलं. बरं वाटलं.

दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी दुपारी ती स्कूटीवरून आली. टेम्पो पाचला येणार होता. मी माल पुसूनपुसून लख्ख ठेवला होता. पकडी दाराकडं धरल्या, अठरा पास. कटर, अठरा पास. स्क्रू ड्रायव्हर काचेवरून सरळ रेषेत गेले. सोल्डरिंग गनला दोन चहा झाले, मूठ गार. ती नुसती एकेक वस्तू डावीकडून उजवीकडं सरकवत होती. 

मग मीटर. माल तपासायला काउंटरवर माझा एक बोर्ड आहे, त्यावर दोन उघडे स्क्रू आहेत, बटण दाबलं की त्यात करंट येतो. तिनं बटण दाबलं, मीटरच्या दोन्ही सुया स्क्रूला लावल्या. दोनशे बत्तीस. बटण बंद केलं, शून्य. पुन्हा चालू केलं, दोनशे बत्तीस. पहिला मीटर पास. असे सहा पास झाले.

सातव्याला पहिल्यांदा आकडा आला, बंद केल्यावर शून्य आलं, आणि पुन्हा बटण दाबलं तरी शून्यच राहिलं.

"हे बग," ती म्हणाली.

आली का खोड काढायला, असंच मनात आलं माझ्या. "मीटरला काही झालेलं नाही," मी म्हणालो. "बोर्डाचं बटण जुनं आहे. वायर सुटली असेल." आणि तिला दाखवायला मी स्क्रूजवळची वायर दाबायला बोट पुढं केलं.

तिनं माझ्या हातावर अशी फाड्कन चापट मारली की बोर्डच हलला. "हात मागं घे! आक्कल हाय का?"

तिनं पर्समधून दोन वायरी जोडलेला एक बल्ब काढला आणि त्याच दोन स्क्रूंना लावला. बल्ब भक्कन पेटला. मी बोटाकडं बघत राहिलो.

बोर्ड बंद करून तिनं मीटरची वायर भोकातून उपसली, मीटर उलटा केला आणि तळहातावर दोनदा आपटला. तळहातावर एक लालचुटुक तांदळाचा दाणा पडला.

माझी अक्षता. भोकात जाऊन बसली होती. वायर वरून बसल्यासारखी दिसे, पण जरा हलली की आत टेकत नसे. मग मीटर खुशाल शून्य दाखवायचा. माझ्या जागी वर्गातली एखादी मुलगी असती तर? अंगावर काटा आला. आणि तोच काटा रागाचा झाला. सापडली म्हणजे तिलाच सापडली!

"पूजा लई मनापासनं केलीस," ती म्हणाली. "फोटोत बगितल्या हुत्या अक्षता. तवाच वाटलं."

"मग सांग आता दीप्ती मॅडमना," मी ओरडलोच. "कर बाद. पहिल्या दिवसापासून हेच चाललंय तुझं. माझ्या पुढ्यातलं चांगलं तू उचलायचं आणि उरलंसुरलं माझ्या गळ्यात मारायचं. सत्तावीस वर्षं!"

तिनं पर्समधून जुना दाताचा ब्रश काढला, माझ्याकडून स्पिरिट मागून घेतलं आणि आठवा मीटर उलटा करून आपटला. त्यातूनही दाणा पडला.

"व्हय," मग ती म्हणाली. "तुझ्याच पुढ्यातलं उचललं."

मी स्पिरिटची बाटली काउंटरवर ठेवली.

"मला काय कळत हुतं रं तवा? आमच्या घरात पक्कड म्हंजी खिळं उपटायला. एवढी हत्यारं मी जल्मात बगितली नव्हती. समूर तू हुतास. पोस्टातल्या बापाचा पोरगा, एकेक उचलून बघायचास. जी तू खाली ठिवून परत उचलायचास, ती चांगली, एवढं माझ्या ध्यानात आलं. तुझा हात दुसरीकडं गेला की मी ती घ्यायची. उजेडात धरायचं बी तुझंच बघून शिकले. तुला कधी कळलं न्हाय व्हय?"

 तिची नजर म्हणून ज्या गोष्टीवर मी उभं आयुष्य जळलो ती माझीच होती. आणि तरी आनंद होईना. आपलीच वस्तू शेजाऱ्याच्या घरात इतकी वर्षं नांदली, तिथंच तिचं चांगभलं झालं, असं काहीसं वाटत होतं. शिवाय ती हे माझं मन राखायला सांगते आहे की काय, हीही शंका होतीच.

आम्ही दोघांनी अठराही मीटर झटकले, ब्रशनं साफ केले. पाचांतून दाणे निघाले. मग तिनं पहिल्यापासून सगळे पुन्हा तपासले. चालू, बंद, चालू.

पाचला दीप्ती मॅडम आल्या. "ताई, काय म्हणतोय माल?"

 संजीवनी म्हणाली, "पाच मीटरमधी पूजेच्या अक्षता निघाल्या. काढल्या, परत तपासलं. आता सगळं चोख हाय." आणि माझ्या अठरा संचांवरून हात फिरवत म्हणाली, "निवड श्रीपादची हाय. मला एक बी बाजूला ठिवता आलं न्हाय. घ्या."

घ्या, म्हणाली. दुकान राहिलं. टेम्पो भरताना मला रडू येईल असं वाटत होतं, आणि हे बोलणारी तीच असावी याचा ठसकाही लागत होता.

टेम्पो गेल्यावर तिनं पर्समधून एक नोज पक्कड काढून काचेवर ठेवली. मुठीवर तिचा आयटीआयचा रोल नंबर ठोकलेला. तीच, पहिल्या दिवशीची. जबडा झिजून गुळगुळीत झाला होता. "हिचं आता सरलं. नवी दे. आज तू निवड."

मी बारा पकडी काढून ओळीनं मांडल्या. एकेक बंद केली, दाराकडं धरली. चौथी हातात घेतली आणि कळलं, हीच. जबडा असा मिटला की आत काळोख. स्प्रिंग मऊ. मी ती जागेवर ठेवली, पुढच्या बघितल्या, तरी नजर एकदा चौथीकडं वळलीच. आणि माझं मन फिरलं. ही माझ्यासाठी ठेवावी. एवढ्या वर्षांत एकदा तरी चांगली माझ्याकडं राहावी. मी सातवी उचलली आणि तिच्या हातात दिली. "ही घे."

तिनं ती दाराकडं धरलीसुद्धा नाही. जागेवर परत ठेवली आणि चौथी उचलली.

"हिच्याकडं तू दोनदा बगितलंस," ती म्हणाली, आणि पैसे काउंटरवर ठेवून स्कूटीकडं गेली.

ती रस्त्याला लागल्यावर मी उरलेल्या अकरा गोळा केल्या. सातवी तेवढी बंद करून दाराकडं धरली. जबड्यातून केसाएवढा उजेड दिसत होता. तिच्या हातात देतानाही तो मला दिसला होता.